स्लीप, हायबरनेट आणि एसएसडीचं आयुष्य: बेळगाव भागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात जुन्या कॉम्प्युटरमधली हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवण्याचं काम आता घरोघरी आणि दुकानोदुकानी झालं आहे. उद्यमबागच्या वर्कशॉपमधली ड्रॉइंग, खडेबाजारातल्या दुकानांचे हिशेब, लग्नपत्रिका करणाऱ्यांच्या मराठी-कन्नड डीटीपी फाईली, सगळं याच चिपांवर येऊन बसलं आहे. एसएसडी बसवून देताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, की कॉम्प्युटर स्लीपवर ठेवला तर ही लवकर खराब होते का? त्या प्रश्नाला फाटे फुटत जे जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. ती विंडोज १० आणि ११ धरून आहेत.

स्लीपवर ठेवल्याने एसएसडी झिजते का?

नाही. एसएसडी झिजते ती लिहिण्याने. तिच्या फ्लॅश चिपमधल्या बारीक पेशींमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते. जुनं पुसून नवं लिहिताना दरवेळी पेशीतला अतिशय पातळ थर थोडा खराब होतो. वाचण्याने होणारी झीज नगण्य, आणि नुसत्या चालू-बंद होण्याने पेशी झिजत नाहीत.

साध्या स्लीपमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, राहतं. रॅम जिवंत राहील एवढीच वीज मिळत असते, बाकी बहुतेक सगळं बंद असतं, एसएसडीसुद्धा. झोपण्याआधी विंडोज हातातलं अर्धवट लिखाण पूर्ण करून घेतं आणि आता वीज जाणार असं एसएसडीला कळवतं. त्यामुळे रात्रभर कॉम्प्युटर स्लीपमध्ये राहिला तरी तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

वारंवार चालू-बंद केलं की डिस्क बिघडते, ही भीती हार्डडिस्कच्या काळातली आहे. तिथे मोटर होती, फिरणाऱ्या तबकड्या होत्या, मागेपुढे सरकणारं हेड होतं. ती भीती तेव्हा खोटी नव्हती. एसएसडीत यातलं काहीच नाही.

पण हायबरनेटमध्ये तर सगळी रॅम डिस्कवर लिहिली जाते ना? मग ते बंद केलेलं बरं?

हा सल्ला इंटरनेटवर भरपूर फिरतो आणि आपल्याकडे तो जास्तच नुकसान करतो, म्हणून याचं उत्तर हिशेबाने देतो.

हायबरनेट करताना रॅममधला वापरात असलेला भाग दाबून, आकाराने लहान करून सी ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फाईलमध्ये लिहिला जातो. विंडोज १० आणि ११ मध्ये या फाईलचा आकार नेहमीच्या सेटिंगमध्ये रॅमच्या सुमारे ४० टक्के असतो. म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर ३.२ जीबी. दर वेळी ती फाईल पूर्ण भरते असंही नाही, पण आपण भरते असंच धरू.

दिवसातून ४ वेळा हायबरनेट केलं तर १२.८ जीबी. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर ३.८४ टीबी (१,००० जीबी म्हणजे १ टीबी). आता दुकानात मिळणाऱ्या स्वस्त एसएसडीपैकी एक घ्या. किंगस्टन ए४०० ची २४० जीबीची एसएसडी ८० टीबी लिखाणासाठी रेट केलेली आहे. कंपनीने दिलेल्या या आकड्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. ८० ला ३.८४ ने भागा. २० वर्षांच्या वर उत्तर येतं. तोवर तो कॉम्प्युटर, त्यातली विंडोज आणि बहुधा ते टेबलसुद्धा बदललेलं असेल. सॅमसंग ८७० इव्होची ५०० जीबीची एसएसडी तर ३०० टीबीला रेट केलेली आहे.

म्हणून केवळ झीज वाचवायची म्हणून हायबरनेट बंद करू नका. सी ड्राइव्हवर जागाच उरली नसेल तर तो वेगळा विषय.

टीबीडब्ल्यूचा आकडा संपला की एसएसडी बंद पडते का?

तो आकडा मुख्यतः वॉरंटीसाठी असतो. ठरलेली वर्षं किंवा तेवढं लिखाण, जे आधी होईल तिथे कंपनीची जबाबदारी संपते. द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात २४० ते २५६ जीबीच्या ६ एसएसडींवर रात्रंदिवस लिखाण करून त्या मरेपर्यंत चाचणी घेतली होती. सगळ्यांनी ६०० टीबीचा टप्पा पार केला आणि सर्वांत टिकाऊ निघालेली २ पेटाबाइटच्याही, म्हणजे २,००० टीबीच्याही, पुढे गेली. आजच्या स्वस्त एसएसडीत एका पेशीत ३ किंवा ४ बिट कोंबलेले असतात, त्यामुळे इतक्या मोठ्या आकड्यांची आशा धरू नये. चार बिटवाल्या, म्हणजे क्यूएलसी, तीन बिटवाल्या टीएलसीपेक्षा कमी लिखाण सोसतात.

फास्ट स्टार्टअप ठेवावं की काढावं?

विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत तुम्ही शट डाउन दाबलं तरी विंडोजचा गाभा हायबरनेटच्याच फाईलमध्ये लिहिला जातो आणि सकाळी तो वाचून कॉम्प्युटर लवकर उठतो. म्हणजे हायबरनेट नको म्हणून रोज शट डाउन करणाऱ्यांच्या एसएसडीवरही रोज थोडं लिहिलं जातच असतं. लिखाण किरकोळ आहे. झिजेसाठी हे काढायची गरज नाही.

मात्र एसएसडी असलेल्या मशीनला याचा फायदाही काही सेकंदांचाच, आणि विंडोजमधल्या बारीक कुरबुरी दिवसेंदिवस तशाच पुढे चालत राहतात. प्रिंटर अडकला, कीबोर्ड मराठीवर येईना, अशा वेळी शट डाउन करून परत चालू केलं तरी फरक पडत नाही तो यामुळेच. तेव्हा रीस्टार्ट करा, तो पूर्ण नव्याने सुरू होतो. एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही असतील, जसं इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर असतं, तर फास्ट स्टार्टअप काढलेलंच चांगलं. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिताना अडचण येते.

मग एसएसडी खरंच झिजवतं ते काय?

पहिलं म्हणजे सीसीटीव्ही. दुकानातला जुना कॉम्प्युटर आहे, त्यात एसएसडी आहे, मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही त्यातच घ्या, असं बरेच जण करतात. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो असं धरलं तरी दिवसाला २१.६ जीबी होतात. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी, वर्षाला साडेएकतीस टीबी. वर सांगितलेली ८० टीबीची एसएसडी अडीच वर्षांत तिच्या आकड्याला पोचली. हायबरनेटचे ३.८४ टीबी आणि हे ३१.५ टीबी शेजारी ठेवून बघा. रेकॉर्डिंगसाठी सर्व्हिलन्सची वेगळी हार्डडिस्क घ्या.

दुसरं, अपुरी रॅम. ४ जीबी रॅमवर क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप वेब, टॅली आणि कोरलड्रॉ एकदम उघडलं की रॅम पुरत नाही आणि विंडोज दिवसभर एसएसडीलाच रॅमसारखं वापरत राहतं. स्लीपच्या सेटिंगशी खेळण्यापेक्षा रॅम ८ जीबी केली तर एसएसडीवरचा भार खरोखर हलका होतो.

तिसरं, गच्च भरलेली डिस्क. मोकळी जागा नसली की एसएसडीला आतल्या आत माल हलवत बसावं लागतं आणि तुमच्या एका जीबीसाठी ती त्याहून जास्त लिहिते. पाचवा भाग तरी रिकामा ठेवा. शिवजयंतीच्या आणि गणपतीच्या दिवसांत फ्लेक्सवाल्यांच्या डिस्क तुडुंब भरतात. जुनी डिझाइन तेव्हाच दुसरीकडे हलवायला हवीत.

आमच्याकडे लाईट सारखी जाते. त्याने एसएसडीला काय होतं?

खरा धोका हाच आहे. हे पान लिहायचं कारणही हेच.

एसएसडी तुमची फाईल एका ठरलेल्या जागी कायम ठेवत नाही. सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून ती माल सतत जागा बदलून ठेवते, आणि कुठली वस्तू कुठे आहे याची एक यादी सांभाळते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बोदं कुठल्या थप्पीत आहेत हे नोंदवहीत असतं, तशीच ही यादी. माल जागच्या जागी आहे पण नोंदवहीच अर्धी फाटली, तर माल असून उपयोग नाही. एसएसडीत या यादीचा ताजा भाग बऱ्याचदा तात्पुरत्या मेमरीत असतो. अचानक वीज गेली की तो भाग चिपवर उतरवायला वेळ मिळत नाही. महागड्या सर्व्हरच्या एसएसडीत अशा प्रसंगी काही क्षण पुरेल एवढी वीज साठवणारे कपॅसिटर असतात. आपण घेतो त्या एसएसडीत ते बहुधा नसतात.

आणखी एक गोष्ट आहे. टीएलसी आणि क्यूएलसी चिपमध्ये एकाच पेशीत एकाहून जास्त बिट असल्यामुळे नवं लिहिताना मध्येच वीज तुटली तर त्याच पेशीत आधी लिहिलेलं, सुरक्षित मानलेलं, तेही बिघडू शकतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी आणि एचपी लॅब्सच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १५ एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडून पाहिली. त्यातल्या १३ मध्ये काही ना काही दोष दिसला. तेव्हापासून एसएसडी सुधारल्या आहेत, पण अचानक वीज जाणं त्यांना आजही मानवत नाही.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात. चैत्र-वैशाखात वळीव आला की बेळगाव शहरातही लाईट जाते-येते, जाते-येते. पहिल्या धक्क्यानंतर कॉम्प्युटर उठत असतो, विंडोज सुरू होताना भराभर लिहीत असते, आणि तेवढ्यात दुसरा धक्का बसतो. दहा वर्षांत झिजून मरेल अशी एसएसडी अशा एका संध्याकाळी जाऊ शकते. म्हणून झिजेची चिंता सोडा आणि वीज जाण्याआधी कॉम्प्युटर शांतपणे कसा झोपेल याची व्यवस्था करा.

स्लीपमध्ये असताना लाईट गेली तर?

एसएसडीला फारसा धोका नाही, कारण तिने आवराआवर आधीच केलेली असते. पण रॅमची वीज गेली, त्यामुळे सेव्ह न केलेलं काम गेलं. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. डेस्कटॉपला येतो.

डेस्कटॉपसाठी विंडोजमध्ये हायब्रिड स्लीप आहे. झोपताना रॅम जिवंतही ठेवली जाते आणि तिची प्रत डिस्कवरही लिहिली जाते. लाईट राहिली तर मशीन पटकन उठतं. गेली तर ते डिस्कवरून उठतं, थोडं सावकाश, पण काम जसंच्या तसं. बऱ्याच डेस्कटॉपवर हे आधीपासून चालू असतं आणि कोणीतरी ‘एसएसडी वाचवण्यासाठी’ बंद केलेलं असतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग, मग स्लीप या भागात ते सापडेल. चालू करा. लिखाण हायबरनेटएवढंच होतं, आणि ते किती किरकोळ आहे ते वर पाहिलंच.

दुकानातल्या डेस्कटॉपला नेमकं काय सेटिंग करावं?

यूपीएस हवाच. साधा ६०० व्हीएचा चालेल, पण त्याची बॅटरी जिवंत असली पाहिजे. दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते लाईट गेल्यावर मशीन तिथेच बंद पडतं तेव्हा.

तुमच्या यूपीएसला मागे यूएसबीचं सॉकेट असेल तर त्याची केबल कॉम्प्युटरला जोडा. मग विंडोज त्याला बॅटरीसारखं ओळखतं आणि बॅटरी संपत आली की आपणहून हायबरनेट हो, असं सांगता येतं. आपल्याकडच्या स्वस्त यूपीएसना बहुधा हे सॉकेट नसतं. त्यांच्यासाठी मी सगळीकडे एक साधी गोष्ट करून देतो: कॉम्प्युटरचं पॉवर बटण हायबरनेटला लावून ठेवतो. पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाने काय व्हावं हे ठरवण्याचा पर्याय डावीकडे आहे. तिथे हायबरनेट निवडा. मग काउंटरवर कोणीही असो, मावशी असोत की नवा पोरगा, त्यांना एवढंच सांगायचं: यूपीएस ओरडायला लागला की बटण एकदा दाबा आणि सोडा. धरून ठेवायचं नाही, धरून ठेवलं तर वीज तोडल्यासारखंच होतं. एसएसडी असेल तर साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत मशीन झोपतं.

हायबरनेटचा पर्यायच दिसत नसेल तर तो बंद केलेला आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि powercfg /hibernate on असं टाइप करून एंटर दाबा.

दोन पथ्यं पाळा. टॅलीचा डेटा ज्या मशीनवर आहे आणि बाकीची मशीनं त्याला जोडलेली आहेत, ते मशीन मध्येच झोपवू नका. आधी सगळ्यांना टॅली बंद करायला सांगा. आणि हायबरनेट करण्याआधी पेन ड्राइव्ह काढून घ्या. तो तसाच ठेवून, मध्ये दुसऱ्या मशीनवर वापरून, परत लावला तर त्यातल्या फाईली बिघडू शकतात.

घरात इन्व्हर्टर आहे. मग यूपीएस कशाला?

इन्व्हर्टर लाईट गेल्यावर बॅटरीवर येतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज नसताना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशा हिशेबाने बनवलेला असतो, आणि जुना स्वस्त सप्लाय तेवढंही करत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोड आणि साधा मोड असा खटका असतो. यूपीएस मोडमध्ये तो लवकर बदलतो आणि व्होल्टेज फार खाली-वर झालं की स्वतःहून बॅटरीवर येतो. खटका तिकडे करा आणि एक-दोनदा मेन स्विच पाडून मशीन बंद पडतं का ते पाहा. पाहण्याआधी काम सेव्ह करा.

वीज कडाडत असताना स्लीप चालेल?

नाही. स्लीपमधला कॉम्प्युटर प्लगला जोडलेलाच असतो. हायबरनेट करा, प्लग काढा, इंटरनेटची केबलही काढा. हायबरनेटमध्ये वीज अजिबात लागत नाही, त्यामुळे काम उघडं ठेवूनही प्लग निर्धास्त काढता येतो. देखभालीसाठी वीज बंद राहणार अशी सूचना वर्तमानपत्रात आली असेल, तर त्या सकाळीही हेच करा.

लॅपटॉपचं झाकण मिटून बॅगेत टाकतो. बॅग गरम लागते. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये जुनी स्लीप राहिलेली नाही. त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय आहे. त्यात मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं असतं, मध्ये मध्ये मेल, अपडेट बघतं. एरवी हे चालतं, पण बंद बॅगेत हवा खेळत नाही आणि काही वेळा मशीन पूर्ण जागं होऊन तापत राहतं. उष्णता एसएसडीला आणि बॅटरीला, दोघींनाही वाईट. निपाणी ते बेळगाव रोज एसटीने जाणाऱ्यांनी झाकण मिटण्याची क्रियाच हायबरनेटला लावावी. मॅकबुक नेहमीच्या सेटिंगमध्ये झोपताना रॅमची प्रत डिस्कवर ठेवतेच, तिथे काही बदलू नका.

‘हार्डडिस्क इतक्या मिनिटांनी बंद करा’ हे सेटिंग एसएसडीला लागू आहे का?

त्याने आयुष्य वाढत नाही. एसएसडी काम नसताना आपणहून कमी विजेवर जाते. सोबत साठवणीची हार्डडिस्क असेल तर २० मिनिटं तशीच ठेवा, फार कमी करू नका.

शाळेची लॅब उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असते. एसएसडीतला डेटा उडतो का?

एप्रिल-मेच्या सुट्टीने काही होत नाही. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार घरगुती एसएसडीने, तिचं ठरलेलं सगळं लिखाण संपल्यानंतरसुद्धा, ३० अंश तापमानाला विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवी एसएसडी त्याहून जास्त टिकवते. पण घरच्या लग्नाचे फोटो एसएसडीत भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचे असतील तर हे साधन त्यासाठी नाही. त्याला हार्डडिस्क घ्या, आणि त्याचीही दुसरी प्रत ठेवा.

एसएसडीची तब्येत कशी पाहायची?

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं आणि बहुतेक एसएसडीत आजवर किती लिहिलं तेही. मी मात्र आधी बघतो तो अनसेफ शटडाउन्सचा आकडा. काही साटा, म्हणजे केबलने जोडायच्या, एसएसडीत तो अनएक्स्पेक्टेड पॉवर लॉस या नावाने असतो. वीज अचानक किती वेळा तुटली ते त्यात मोजलेलं असतं. आज तो लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा बघा. आयुष्य ९७ टक्के आणि हा आकडा महिन्यात वीसने वाढलेला, तर पैसे नव्या एसएसडीवर नव्हे, यूपीएसच्या बॅटरीवर घाला.

लाईट जाऊन आल्यावर एसएसडी दिसतच नाही. गेली का?

लगेच फेकू नका. साटा एसएसडी असेल तर मशीन बंद करून तिची फक्त डेटा केबल काढा, विजेची राहू द्या, आणि कॉम्प्युटर चालू करून २० मिनिटं तसाच सोडा. वीज मिळत असताना बाहेरून काही काम येत नाही, त्या वेळात एसएसडीला आपली यादी पुन्हा जुळवता येते. मग बंद करून अर्धं मिनिट थांबा आणि हेच परत एकदा करा. त्यानंतर मशीन बंद असताना डेटा केबल जोडून चालू करा. क्रुशियल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना असाच उपाय सांगितला आहे आणि काही एसएसडी याने परत येतात. आली, तर विंडोज दुरुस्त करायच्या मागे लागू नका. शक्यतो दुसऱ्या मशीनला जोडा, आधी हिशेब आणि कामाच्या फाईली दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्या उघडून बघा, आणि मगच त्या एसएसडीचं पुढे काय करायचं ते ठरवा.